काचखोलीतून दिसलेलं वादळ

फळ्यावर मी लिहिलं होतं ते एवढंच: ‘वादळ आता पंखा झालाय. फिरतो, वारा घालतो, पण जागचा हलत नाही. शेजारी मास्तरीण उभी असते तेव्हा ती त्याच्याकडे बघते आणि हा कॅमेऱ्याकडे. त्यातल्या त्यात मध्यंतरानंतरचा दवाखान्यातला विनोदी प्रसंग बरा जमलाय.’ आणि खाली, थिएटरच्या रिवाजाप्रमाणे, नावाऐवजी बसायची जागा: ‘काचखोली’.

शेवटचं वाक्य मी कौतुक म्हणून लिहिलं होतं. सगळा घोळ त्यानेच केला.

वादळ कोण हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, तरी सांगते. भारतीय सिनेमातला सध्याचा सगळ्यात मोठा हिरो. त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त श्रेयनामावलीत वाचायला मिळतं. पडद्यावर तो पहिल्यांदा येतो तेव्हा दारं आपटतात, पाचोळा उडतो, एखादी मोटार विनाकारण उलटते, आणि लोक ‘वादळ आलं!’ म्हणून ओरडतात. आमच्या घरातून सासूबाई ओरडतात. त्या वादळाच्या चाहता मंडळाच्या उपाध्यक्ष आहेत. अध्यक्ष आहेत टायरवाले, ज्यांच्या दुकानात वादळाचा फोटो त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या फोटोपेक्षा मोठा आहे.

फळ्याचं असं, की आमच्या थिएटरात तिकिटाच्या खिडकीजवळ शाळेत असतो तसा एक काळा फळा टांगलेला आहे. सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्याने वाटलं तर खडू उचलायचा आणि मत लिहायचं. नाव घालायचं नाही, कुठे बसला होतात ते घालायचं. आणि सिनेमा बदलेपर्यंत एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पुसायचं नाही. हा नियम आजच्या मॅनेजरच्या वडिलांनी घालून दिला, आणि लोकांनी तो पाळला. ‘पाय आखडले, सिनेमाही आखडलेला. मधली रांग.’ ‘हिरॉइनला दोन वाक्यं तरी द्यायची. बाल्कनी, डावीकडे.’ अशी मतं वाचायला लोक सिनेमा न बघताही येतात.

आणि काचखोली म्हणजे बाल्कनीच्या शेवटच्या रांगेमागची, जाड काच लावलेली अरुंद खोली. तान्ही बाळं असलेल्या बायकांसाठी. आत बाळाने कितीही गळा काढला तरी बाहेर ऐकू जात नाही. बाहेरचा सिनेमा आत ऐकू यावा म्हणून कोपऱ्यात स्पीकर आहे. तो बंद आहे. माझी ढमी जन्मायच्या आधीपासून बंद आहे. मी दोनदा सांगितलं, शिंप्याची सून सांगून आली, दवाखान्यातली नर्स तर चांगली भांडून आली. मॅनेजर म्हणाले, “करून टाकू.” मॅनेजरांच्या तोंडी ‘करून टाकू’ म्हणजे विषय संपला.

तर ढमी झाल्यापासून मी सगळे सिनेमे मुके बघितले आहेत. आधी चिडचिड व्हायची. मग मजा यायला लागली. घरीही माझं दुसरं काय चाललेलं असतं? दिवसभर एका न बोलणाऱ्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. हनुवटी थरथरली म्हणजे भूक, भुवया लाल झाल्या म्हणजे झोप, आणि एकाएकी गप्प होऊन लांब कुठेतरी बघायला लागली म्हणजे लंगोट बदलायची तयारी ठेवायची. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास येतोय ना बघते. नवरा हसतो. हसू दे. चेहरा वाचण्यात चूक झाली तर माझी रात्र जाते, त्याची नाही.

हीच नजर घेऊन मी काचेमागे बसायचे, आणि पडद्यावरचं एकेक उघडं पडायचं. आवाज काढून घेतला की आपल्या मोठमोठ्या नटांकडे काय उरतं? चॉकलेट हिरोकडे ओला रुमाल उरतो. दाढीवाल्याकडे दाढी. हाणामाऱ्या करणारा तो नवा आहे, तो प्रेम करतानाही समोरच्याला आता फेकणार की काय असा उभा राहतो. सगळे बोलत असतात, ऐकत कुणी नसतं. समोरचा बोलतोय तोवर स्वतःचं वाक्य कधी येईल याची वाट बघत उभे. आणि मास्तरीण? तिला पहिल्याच सिनेमात शिक्षिकेचं काम मिळालं म्हणून हे नाव पडलं, पण ती ऐकते. समोरच्याचा शब्द तिच्या गळ्यापाशी पोचलेला दिसतो. मग ती तो गिळते, तेही दिसतं. अशा बाईला आपण नायकाच्या मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी करतो आणि वर म्हणतो, कथेत दम नव्हता.

कुणी म्हणेल, हिला वादळाचा राग आहे. आहेच. शेजारच्या माणसाचा येतो तसा नाही, आपल्या माणसाचा येतो तसा. कॉलेजात असताना मी त्याचा एक सिनेमा लागोपाठ दोन खेळ बघितला होता. त्यात तो साधा कारकून होता. एका प्रसंगात त्याचा बाप त्याला घराबाहेर काढतो, आणि हा दारात उभा राहून नुसता ऐकतो. छत्री हातात. एक शब्द नाही. मैत्रिणी म्हणाल्या, बोअर आहे. मी घरी आले आणि कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो लावला. तो माणूस कुठे गेला हे विचारायचा हक्क कपाटाच्या दाराने मला दिला आहे, असं मी समजते.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई मंडळाच्या बैठकीहून आल्या त्या चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. मी ढमीला भरवत होते.

“कुठला प्रसंग विनोदी म्हणालीस तू?”

“दवाखान्यातला,” मी म्हणाले. “डॉक्टर काहीतरी सांगतात, हा गालात हसतो, मग भिंतीला टेकतो, मग पुन्हा...”

“त्याची मुलगी मेलीये.”

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. ढमी तोंड उघडून वाट बघत होती.

“कुणाची मुलगी?”

“वादळाची! डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, आम्ही तिला वाचवू शकलो नाही. अख्खं थिएटर मुसमुसत असतं. माझा पदर ओला झाला. आणि माझ्या घरातली सून खाली लिहून येते, विनोदी प्रसंग बरा जमलाय! टायरवाल्यांनी मला भर बैठकीत विचारलं, ‘काकू, काचखोलीत कोण बसतं?’ सगळ्यांना ठाऊक होतं कोण बसतं, आणि अक्षर कुणाचं आहे ते!”

मेलेल्या मुलीला हसले मी. मांडीवर स्वतःची मुलगी घेऊन.

“आई, तिथे आवाज येत नाही. डॉक्टरांची तर पाठ होती आमच्याकडे. मला काय कळणार ते काय बोलले?”

“आवाज येत नाही तर गप्प बसायचं. मत कशाला पाजळायचं?”

“दिसत तर होतं ना.”

“काय दिसत होतं?”

“हसू.”

“ते हसू नव्हे. दुःख गिळतो तो.”

“दुःख गिळताना एक भुवई वर जाते?”

“त्याची जातेच!” सासूबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून जाते. नशिबानेच तशी भुवई मिळालीये त्याला.”

ढमीने टेबलावर हात आपटले. मी चमचा तिच्या तोंडात घातला, तिने तो माझ्या गालावर थुंकला. सासूबाईंनी आपल्या पदराने माझा गाल पुसला आणि पुन्हा रागावून बसल्या.

नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो. त्याला दोघींचंही ऐकून घ्यायची सवय आहे, कारण दिवसभर तो लोकांना ‘आता बरं दिसतंय की आधी?’ एवढंच विचारत असतो. जेवताना म्हणाला, “खडूच तर आहे. ओला हात फिरव आणि मोकळी हो. हवं तर नंबर तपासून देतो तुझा.”

“पुसायचं नाही असा नियम आहे.”

“दुसऱ्याचं पुसायचं नाही. स्वतःचं पुसता येत असेल.”

“म्हणजे मी चुकले असं तुझं म्हणणं?”

त्याने सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या उचलला. “मी म्हणतो भात छान झालाय.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावलं. मी ढमीला कडेवर घेऊन गेले तर तिकिटाच्या खिडकीपाशी टायरवाले आधीच हजर. हाताची घडी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोही छपराखाली. म्हणजे वादळासारखाच.

“वहिनी, बसा,” मॅनेजर म्हणाले. बसायला काही नव्हतं. “हे बघा, आपल्या थिएटरात कुणी काहीही लिहू शकतं. पण मंडळाच्या भावना दुखावल्यात. रविवारी त्यांचा खास खेळ आहे, सगळं थिएटर त्यांनी घेतलंय. त्याआधी तुम्ही त्याच्याखाली दोन शब्द माफीचे लिहा. तुमच्याच अक्षरात. मी पुसणार नाही, वडिलांचा नियम आहे. आणि नाही लिहिलं तर...”

“तर?”

“काचखोली मला मंडळाला द्यावी लागेल. त्यांना पोस्टर, पुठ्ठ्याचे कटआउट वगैरे ठेवायला जागा हवीये. तसंही तिथे येऊन येऊन येतं कोण?”

“आम्ही येतो.”

“तुम्ही तिघी-चौघी.”

“तुम्ही स्पीकर दुरुस्त करा, आणखी येतील.”

“स्पीकरची तक्रार माझ्यापर्यंत आली नाही.”

“मी स्वतः इथे उभं राहून केली होती.”

“तेव्हा बाळ रडत असेल,” मॅनेजर म्हणाले. “ऐकू आलं नसेल.”

टायरवाल्यांनी चष्मा काढला. चष्म्याआडचे त्यांचे डोळे चक्क दुखावलेले होते, याने मी गडबडले. “वहिनी, माझी मुलगी आजारी होती तेव्हा मी हा सिनेमा बघितला. मी त्या प्रसंगाला उठून बाहेर गेलो. आणि तुम्ही त्यावर हसलात.”

“मुलगी कशी आहे आता?”

“बरी आहे. शाळेत जाते.”

“तुमच्यावर हसले नाही हो मी,” मी म्हणाले. एवढं मला म्हणावंसं वाटलं आणि एवढंच वाटलं. कारण त्याच क्षणी मला दुसरंही दिसलं. मुलगी आजारी असताना या माणसाचा चेहरा कसा झाला असेल ते मला आत्ता, इथे, टायरच्या वासासकट दिसत होतं. तो एक अक्षर बोलला नसता तरी कळलं असतं.

“रविवारपर्यंत,” मॅनेजर म्हणाले.

घरी येताना डोक्यात एकच होतं. काचखोली गेली तर माझा सिनेमा गेला. ढमीला घरी टाकून तीन तास बाहेर राहायची माझी छाती नाही, आणि तिला घेऊन खालच्या खुर्चीत बसायची सोय नाही. म्हणजे आणखी तीन-चार वर्षं नाही. तोवर मला काय, इतरांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकायच्या? ‘तू बघायला हवं होतंस’ असं लोक म्हणतील आणि मी पोळ्या लाटत मान हलवीन? दोन शब्दांचा तर प्रश्न होता. खडू उचलायचा, ‘माफ करा’ लिहायचं. आठवडाभरात सिनेमा बदलला की पुसलंही गेलं असतं.

पण ‘माफ करा’ म्हणजे मला जे दिसलं ते दिसलं नाही, असं लिहून द्यायचं. ते एकदा लिहून दिलं की काचखोली राहील, पण तिथे बसून बघणार कोण?

तोड सासूबाईंनी काढली. “उद्या दुपारच्या खेळाला तू माझ्या खुर्चीवर बस. आवाजासकट बघ. मी ढमीला घेऊन तुझ्या त्या पिंजऱ्यात बसते. त्या प्रसंगाला तुझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर मी मंडळ सोडीन. आणि आलं तर मुकाट्याने माफी लिहायची. कबूल?”

“पाणी आलं तर माफी लिहीन असं नाही म्हणत,” मी म्हणाले. “पण बघते.”

“केवढी ती अकड!” सासूबाई म्हणाल्या. “अगदी वादळावर गेलीयेस.”

शनिवारी दुपारी मी त्यांच्या खुर्चीत बसले, मधल्या रांगेत, मंडळाच्या लोकांत. ढमीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच मांडी रिकामी होती, आणि काय करावं हातांना सुचेना. दर थोड्या वेळाने मान वळवून मी वर बघत होते. काचेमागे सासूबाईंचा पांढरा अंबाडा दिसे आणि खांद्यावर ढमीचं डोकं. रडत असेल तर मला ऐकूच येणार नव्हतं. ती काच दोन्हीकडून तेवढीच जाड आहे हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

आवाज मात्र काय होता! वादळ आला तेव्हा खुर्ची थरथरली, शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. त्याचा आवाज अजून तसाच आहे, विहिरीतून यावा तसा. एका विनोदावर मी खो खो हसले, शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर थाप मारली. त्याला मोठं का म्हणतात ते खालून बघताना कळतं. एकट्याने बघायचा माणूसच नाही तो.

मग मध्यंतरानंतरचा तो प्रसंग आला. बोळ, पांढरे दिवे, डॉक्टरांची पाठ. डॉक्टर म्हणाले, “आम्ही खूप प्रयत्न केले.” व्हायोलिन सुरू झालं. ते आधी इतकं हळू होतं, की कुणाच्या तरी घशातून येतंय असं वाटलं. मागून लहान मुलीच्या हसण्याचा आवाज, दूरवरून, विरत जाणारा. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थेंब वगैरे नाही, धार. मी पदर शोधायला गेले तर अंगात कुर्ता होता. बाहीने नाक पुसलं. मांडीवर ढमी नव्हती त्यामुळे ते आणखीच असह्य झालं.

आणि रडता रडता मी त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं. तीच भुवई. तेच गालातलं हसू, मोटार उलटवल्यावर असतं ते. भिंतीला टेकताना खांदा असा वळवलेला, की उजेड बरोबर जबड्यावर पडावा. व्हायोलिन रडत होतं, ती हसणारी मुलगी रडवत होती, तीनशे माणसं आपापली दुःखं काढून त्याच्या पायाशी ठेवत होती आणि हा त्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता. मला इतका राग आला की रडणं थांबेना.

मी मान वळवून वर बघितलं. पडद्याचा उजेड काचेवर होता, त्यामागे सासूबाई. ढमी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली, हात लोंबकळत होता. सासूबाईंचे डोळे कोरडे होते. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघतात तशा त्या पडद्याकडे बघत होत्या. कपाळाला आठ्या, मान किंचित तिरकी. एकदा त्यांनी काच पुसली, धूळ असेल म्हणून. आणि पुन्हा बघितलं.

खेळ सुटल्यावर मी धावतच वर गेले, आधी ढमीच्या नाकाशी बोट धरलं, मग त्यांना विचारलं, “बघितलंत?”

“छे,” सासूबाई म्हणाल्या. “बाळ सांभाळत होते मी. सिनेमा बघायला सवड कुठे होती?”

“ती तर झोपली होती.”

“झोपलेल्या बाळालाही सांभाळावं लागतं,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता जिना उतरायला लागल्या.

खाली टायरवाले उभेच होते. माझे सुजलेले डोळे बघून त्यांना हर्ष झाला. “वहिनी रडल्या! मी बघितलं, मागच्याच रांगेत होतो. काकू, तुमची सूनबाई धाय मोकलून रडली!” त्यांनी स्वतः खडू माझ्या हातात दिला. नवा होता. मॅनेजर हसत हसत बाहेर आले. सात-आठ माणसं गोळा झाली.

ढमी सासूबाईंकडे होती, म्हणून माझा हात स्थिर होता. मी लिहिलं:

‘चूक झाली. दवाखान्यातला प्रसंग विनोदी नाही. त्यात बापाला मुलगी गेल्याचं कळतं. आज आवाजासकट बघितला आणि मी रडले. व्हायोलिन वाजवणाऱ्याला नमस्कार. पण मुलगी गेली हे मला चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि ते कळवणं माझं काम नव्हतं, त्याचं होतं. त्याला ते येतं, म्हणून म्हणते. बाकी मत कायम. काचखोली.’

टायरवाले ओठ हलवत वाचत गेले. ‘बाकी मत कायम’पाशी ओठ थांबले. “ही माफी आहे?”

“चूक होती तेवढी दुरुस्त केली. माफी कशाची मागू?”

“तुम्ही रडलात ना पण!”

“रडले. कांदा चिरतानाही रडते. त्याला पुरस्कार देत नाही मी.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. टायरवाल्यांनी वळून बघितलं तेव्हा सगळे गंभीर होते. “काकू, तुम्ही बोला हिला काहीतरी!”

सासूबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “अक्षर तिरपं झालंय.” आणि ढमीला घेऊन बाहेर पडल्या.

मॅनेजरांनी माझ्यासमोर किल्लीवाल्याला हाक मारली. रविवारी काचखोलीला कुलूप लागलं, आणि सोमवारी शिंप्याच्या सुनेने निरोप दिला की आत आता पुठ्ठ्याचा वादळ उभा आहे, काचेला नाक लावून. नर्सने मला रस्त्यात गाठलं. “तुझ्या बाणेदारपणापायी आमची जागा गेली.” तिचं खरंच होतं. घरी सासूबाई माझ्याशी फक्त ढमीमार्फत बोलत होत्या. “तुझ्या आईला विचार, दूध तापवलं का.” नवरा म्हणाला, “बघ, काय मिळवलंस?” मी म्हटलं, “तू फक्त नंबर तपास.” तो हसला नाही, मीही हसले नाही. रात्री अंथरुणावर पडून हिशेब लावला तरी माझ्या बाजूला काही शिल्लक निघेना. पण ते लिहिलेलं पुसायला जावं असंही एकदासुद्धा वाटलं नाही.

शुक्रवारी सिनेमा बदलला. मास्तरणीचा आला, तिच्या एकटीचा. पोस्टरवर दुसरं कुणी नाही. मी पिशवी भरली: बाटली, रुमाल, लंगोट, खुळखुळा, पुन्हा रुमाल. ढमीला कडेवर घेतलं आणि दुपारच्या खेळाला गेले.

“काचखोली बंद आहे,” मॅनेजर म्हणाले.

“माहीत आहे. मधली रांग द्या.”

“बाळासकट?”

“बाळ घरी ठेवून यायची सोय असती तर तुमच्या काचेमागे कशाला बसले असते?”

“वहिनी, ती रडली तर?”

“रडली तर रडेल. तुमच्याकडे शिट्ट्या चालतात, खुर्च्या बडवलेल्या चालतात. बाळाला चालणार नाही असं कुठे लिहिलंय? दाखवा.”

लिहिलेलं नव्हतं. काचखोली असताना लिहायची वेळच कुणावर आली नव्हती. मॅनेजरांनी तिकीट फाडलं.

खुर्चीत बसल्यावर ढमीने पहिल्यांदा एवढा मोठा आवाज ऐकला आणि ती दचकली, माझ्या कुर्त्याला घट्ट धरून बसली. तिच्या कानांना सोसेल का, घाबरून ताप तर येणार नाही, मी हे काय करतेय, असं सगळं माझ्या डोक्यात एकदम. तिच्या कानांवर हात ठेवून मी पडद्याकडे बघायला लागले. मास्तरीण एका कचेरीच्या बाकावर बसली होती आणि टेबलापलीकडचा माणूस तिला काहीतरी नाकारत होता. ती ऐकत होती. यावेळी तो काय म्हणतोय ते मला ऐकूही येत होतं, पण ऐकायची गरज पडत नव्हती.

तेवढ्यात ढमीने भोकाड पसरलं.

“अहो, बाहेर न्या!” मागून आवाज आला. “पैसे देऊन आलोय आम्ही!” दुसरा. माझा हात आपोआप पिशवीकडे गेला, उठायच्या तयारीने. आणि रांगेच्या टोकाकडून, अंधारातून, ओळखीचा आवाज आला.

“मागच्या रविवारी तुम्हीच शिट्ट्या मारत होतात ना? मी तुमच्या पुढेच होते. कानाचा पडदा फाटायचा राहिला होता माझ्या. तेव्हा मी म्हटलं का, बाहेर जा म्हणून?”

सासूबाई लोकांच्या पायांवर पाय देत माझ्याकडे आल्या आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. त्या थिएटरात आहेत हे मला माहीतच नव्हतं. मास्तरणीचा सिनेमा बघायला त्या कधीच येत नाहीत.

“तुझ्याशी मी बोलत नाहीये अजून,” त्या कुजबुजल्या. “वादळाबद्दल जे लिहिलंस ते मला पटलेलं नाही. बाटली कुठाय?”

मी बाटली दिली. ढमी काही ती घेईना. दोन रांगा पुढून शिंप्याची सून मागे वळून बघत होती, तिच्याही मांडीवर काहीतरी वळवळत होतं. मॅनेजर टॉर्च घेऊन आले. आधी पायांशी, मग ढमीच्या उघड्या तोंडावर आणि मग माझ्या चेहऱ्यावर उजेड टाकला.

“वहिनी, तक्रार आलीये. जरा बाहेर...”

“ही ऐकू आली वाटतं तुम्हाला,” मी म्हणाले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “खोलीचं कुलूप काढा, तो पुठ्ठा बाहेर ठेवा, स्पीकर सुरू करून द्या. मी आनंदाने वर जाऊन बसेन. तोवर आम्ही इथेच बसणार. रोज. आणि टॉर्च बाजूला घ्या, मला तिचा चेहरा दिसत नाहीये.”

टॉर्चचा उजेड खाली गेला, मग पायऱ्यांवरून वर काचखोलीकडे चढला, आणि मी ढमीला खांद्यावर थोपटत पुन्हा पडद्याकडे बघायला लागले.